विमानं मळवणारी बाई

हैदराबादच्या जामबागेतल्या प्रमिलाबाई कंधारकरांना स्वस्थ बसलेलं कोणी पाहिलेलं नाही. टीव्हीसमोर बसल्या तरी मांडीवर परात आणि परातीत शेंगा. शेंगा सोलून संपल्या की उठून खिडकीचे गज पुसतील, गज पुसून झाले की ते फडकं धुतील. "लोकांच्या पायाला भिंगरी असते, आमच्या हिच्या हाताला आहे," असं त्यांचे यजमान नरहरराव म्हणतात. नरहरराव सचिवालयातून निवृत्त झालेले. त्यांच्या कुठल्याच अवयवाला भिंगरी नाही. नाश्ता करून ते अफझलगंजच्या लायब्ररीत जातात, तिथे मराठी, तेलुगू, उर्दू, इंग्रजी अशी सगळी वर्तमानपत्रं वाचतात आणि जेवायला घरी येतात. जगात काय चाललंय ते त्यांना माहीत असतं, पण विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत आणि विचारल्यावरही निम्मंच सांगतात.

प्रमिलाबाईंनी इथल्याच एका जुन्या शाळेत उभी हयात मुलींना चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर अशा बाया रांगोळीचे वर्ग काढतात, नाहीतर भजनी मंडळात जातात. प्रमिलाबाई विमानं मळवायला लागल्या.

हे नीट सांगायला हवं. कॉम्प्युटरवर विमान चालवण्याचा एक प्रकार असतो. त्याला खेळ म्हटलेलं त्या लोकांना खपत नाही, सिम्युलेटर म्हणायचं. त्यातल्या विमानाचं अंग म्हणजे खरं तर एक चित्र असतं. शिंपी ब्लाउजचे तुकडे कापून टेबलावर पसरतो ना, तसे विमानाचे तुकडे सपाट करून एका चौकोनात मांडलेले असतात. इथे पोट, तिथे शेपूट, कोपऱ्यात इंजिनांची झाकणं. त्यावर तुम्ही जे रंगवाल ते विमानाच्या अंगावर जाऊन बसतं. या लोकांत त्याला 'स्किन' म्हणतात. प्रमिलाबाई 'अंगरखा' म्हणतात, कारण स्किन म्हटलं की त्यांना खाजेचा डॉक्टर आठवतो.

हा नाद लागला तो लेकीपायी. मेघना एकुलती एक. तिने विमान चालवायचं म्हटलं तेव्हा घरात महाभारत झालं. कंधारकरांच्या घरात निजामाच्या काळापासून वकील झाले, मास्तर झाले, पेशकार झाले, पण जमिनीवरून पाय कोणी उचलला नव्हता. थोरल्या दिरांनी घरी येऊन दीड तास समजावलं. जावेने नवस बोलायची तयारी दाखवली. नरहरराव नेहमीप्रमाणे "बघू" म्हणाले. प्रमिलाबाई मात्र पदर खोचून उभ्या राहिल्या आणि एकेकाला असं सुनावलं की थोरली जाऊ पुढची दोन वर्षं हळदीकुंकवाला आली नाही. मेघना शिकली, लायसन मिळवलं, बंगलोरला एका लहान कंपनीत लागली. दोन पंख्यांची विमानं, सत्तरेक माणसं बसतील अशी, लहान लहान गावांना जाणारी.

मेघना पहिल्यांदा माणसं घेऊन उडाली त्या दिवशी प्रमिलाबाईंनी जामबागेत पेढे वाटले. बेगम बाजारातल्या आपल्या नेहमीच्या किराणावाल्यालासुद्धा जाऊन देऊन आल्या. घरी आल्या आणि मोरीत जाऊन ओकल्या. तोंड धुतलं आणि नरहररावांना म्हणाल्या, पेढ्यातला खवा बरा नव्हता.

खवा चांगला होता. त्यांना भीती वाटत होती. पण ती सांगायची कोणाला? ज्या तोंडाने दिरा-जावेशी भांडल्या, त्या तोंडाने 'आता मला भ्या वाटतंय' कसं म्हणायचं? आणि मेघनाला तर मुळीच नाही. आईचा आवाज कापला तर पोरीचा हात कापेल, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं.

त्या दिवसापासून मेघना हवेत असली की यांचा जीव थाऱ्यावर राहीना. आकाशातलं कुठलं विमान कुठे आहे ते दाखवणारं एक ॲप त्यांनी फोनवर घेतलं. पण ते विमान दाखवतं, मुलगी दाखवत नाही. "उतरलीस का?" असं रोज विचारणं म्हणजे भीती उघडी करणं. मग त्यांना मागच्या खोलीतलं मेघनाचं जुनं सामान आठवलं. सरावासाठी घेतलेला मोठा पडदा, दांडा, पायाखालची पेडलं, सगळं तसंच धूळ खात होतं. त्यांनी ते सुरू केलं. लेकीच्या कंपनीचं विमान शोधलं, आणि चित्रकलेच्या बाई जाग्या झाल्या.

विमान इतकं स्वच्छ होतं की बघवेना. पांढरं म्हणजे पांढरंशुभ्र, लग्नपत्रिकेवर छापल्यासारखं. त्यांनी मेघनाला मेसेज केला, 'खरं विमान कसं दिसतं? काम संपवून उतरलीस की एक फोटो पाठव. उतरल्यावरच, घाईत नको.' त्या संध्याकाळी फोटो आला आणि प्रमिलाबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. फोटोत त्यांना विमानाचा मळ दिसला आणि पोरगी जमिनीवर आहे हेही कळलं. मळाचं निमित्त होतं.

पण निमित्तालासुद्धा या बाईने जीव लावला. माणसाने आपला पिंड बदलायचा म्हटलं तरी बदलतो थोडाच. महिन्याभरात त्या अशा रमल्या की दुपारचं झोपणं सुटलं. सिम्युलेटरवाल्यांचा इंटरनेटवर एक कट्टा आहे, तिथे यांनी आपले अंगरखे ठेवायला सुरुवात केली. तिथले गोरे लोक त्यांना 'मिस्टर के' म्हणतात. प्रमिलाबाईंनी ते दुरुस्त केलेलं नाही.

कट्ट्यावर नवीन कोणी आलं की त्या शिकवायला बसतात, अगदी शाळेतल्यासारख्या. पहिलं, बादलीतला पांढरा ओतायचा नाही. विमानाचा पांढरा वरून आभाळ पितो आणि खालून माती, म्हणून पाठीवर निळसर झाक हवी, पोटाला चहाचा डाग. काजळी काळ्याने काढायची नाही, तपकिरीत वांगी रंग मिसळायचा. खिळ्यांच्या रांगा म्हणजे ठिपके नव्हेत. प्रत्येक खिळ्याच्या मागच्या अंगाला वाऱ्याने इवलासा मळ धरून ठेवलेला असतो, तेवढाच दाखवला की खिळा आपोआप दिसतो. तेलाचा ओघळ हवेत मागे पळतो, जमिनीवर खाली गळतो, म्हणून झाकणाच्या फटीपाशी तो गुडघ्यासारखा वाकतो. आणि चकाकी वेगळ्या चित्रात भरायची असते, कारण तेलकट जागा उन्हात चमकते आणि काजळीची चमकत नाही. मळ आणि चमक यांची गल्लत झाली की विमान घामाघूम झालेलं दिसतं.

सगळ्यात मोठी तंबी म्हणजे डावी बाजू रंगवून तीच पालथी करून उजवीकडे चिकटवायची नाही. आळशी माणसं हेच करतात. मग डाव्या दारापाशी बॅगांनी पडलेला ओरखडा उजवीकडेही उमटतो, जिथे दारच नसतं. "जन्मखूण दोन्ही गालांवर असते का?" असं त्या लिहितात, आणि कट्ट्यावरचे लोक हसरे चेहरे पाठवतात.

मेघनाच्या कंपनीची विमानं त्यांनी एकेक करून अशी रंगवली. नंबर लक्षात राहीनात म्हणून नावं ठेवली. एकीच्या धुराड्यामागे काळं फार बसायचं, ती काजळी. दुसरीच्या डाव्या पंखाला ठिगळ होतं. पंखाच्या पुढच्या काठावर बर्फ झटकायला काळ्या रबराची पट्टी असते, ती फाटली की सायकलच्या ट्यूबसारखं पंक्चर काढतात. ती ठिगळी. मेघनाही तीच नावं घ्यायला लागली. 'आज काजळी होती', 'आज ठिगळी'. फोटो यायचा, प्रमिलाबाई चहा ठेवायच्या. फोटो उशिरा आला तर त्या बैठकीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून बैठकीत इतक्या फेऱ्या घालायच्या की नरहरराव पेपरावरून मान वर न करता म्हणायचे, "फरशी झिजेल."

यंदा श्रावणात काजळीच्या पोटावर एक पंजा आला. खाली एक झाकण असतं, मेकॅनिक ते उघडझाप करतात, आणि कोणाचा तरी ग्रीसने माखलेला हात तिथे अख्खा उमटला होता. पाची बोटं, करंगळी जरा वाकडी. प्रमिलाबाईंना तो पंजा इतका आवडला की दोन दुपारी त्यांनी त्याच्यावरच घालवल्या. पुढे गणपती झाल्यावर विमान धुतलं, तसा फोटो आला. त्यांनी हळहळत पंजा पुसला.

नवरात्र गेलं, कोजागिरी झाली. दिवाळीला मेघना आली नाही, ड्यूटी लागली म्हणाली. फोनवर बोलायची, पण आवाजात काहीतरी घाई असायची, रिक्षा थांबवून ठेवल्यासारखी. विमानाचं विचारलं की "सब ठीक आहे ना आई, लाइट घे" म्हणून विषय बदलायची. फोटो मात्र न चुकता यायचे.

कोजागिरीच्या सुमाराला आलेल्या एका फोटोत ठिगळीच्या उजव्या पंखावर ठिगळ होतं. प्रमिलाबाईंनी विचारलं, "उजवीकडेही लावलं का गं?"

"हौ ना, आत्ताच लावलं," मेघना म्हणाली.

प्रमिलाबाईंनी ते रंगवलं. रंगवताना हात दोनदा थांबला. दोन्ही ठिगळांचा एकच कोपरा कात्रीने तिरपा कापलेला होता. पण मेकॅनिक एकच असेल, त्याची कापायची सवय असेल, असं म्हणून त्यांनी ते पार पाडलं. साऱ्या जगाला तंबी देणारी बाई स्वतःच डावं-उजवं गिळून बसली.

दिवाळीचे कंदील उतरले त्या आठवड्यात काजळीचा फोटो आला, पोटाचा. झाकणाजवळ पंजा होता.

प्रमिलाबाई हसल्या. आला वाटतं परत तो माखल्या हाताचा. मग त्या भाजी चिरायला गेल्या आणि भाजी चिरता चिरता त्यांना चैन पडेना. करंगळी. परत येऊन बघितलं. वाकडीच. ठीक आहे, माणूस तोच, करंगळी तीच. पुन्हा विळीवर बसल्या. कांदा अर्धा राहिला. माणूस तोच असला तरी हात दोनदा त्याच जागी, तितकाच तिरपा, तितकाच दाबून कसा पडेल? चाळीस वर्षं त्यांनी पोरींना हाताचे ठसे काढायला लावले होते. एका पोरीचे दोन ठसे कधी सारखे आलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी नरहरराव लायब्ररीत गेल्यावर त्यांनी श्रावणातला फोटो काढला, त्याच्यावर कालचा ठेवला आणि वरचा पातळ केला. बोटाला बोट बसलं. अंगठ्याला अंगठा. शेजारी जमिनीवर पडलेली एक दोरी होती, तिचं वेटोळंही वेटोळ्यावर बसलं. मग त्यांनी ठिगळीचा उजव्या पंखाचा फोटो घेतला आणि पालथा केला. तो जुन्या डाव्या पंखावर ढगांसकट जाऊन बसला.

त्या खुर्चीतून उठल्या आणि पुन्हा बसल्या. फोटो जुने होते. कालचे, परवाचे, कोजागिरीपासूनचे सगळे जुने. मग आज मुलगी कुठे होती? ती काय लपवत होती? दवाखान्यात तर नव्हती? फोनवर बोलते, पण पलंगावरूनही बोलता येतं. फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. मग चपला सापडेनात, एक सापडली, दुसरी दाराबाहेर होती. गॅस बंद केला की नाही ते बघायला परत आल्या, मग कुलूप लावलं आणि रिक्षा थांबवली.

"किधर अम्मा?"

"लायब्ररी. अफझलगंज. जल्दी चलो."

"लायब्ररी कू इत्ती जल्दी?" रिक्षावाला म्हणाला, पण त्याने पळवली.

वाचनाच्या दालनात म्हातारी माणसं पेपरामागे बसली होती. प्रमिलाबाई प्रत्येक पेपराखालचे पाय बघत गेल्या आणि नरहररावांच्या चपला ओळखल्यावर थांबल्या. "बाहेर या." त्या हळू बोलल्या, तरी तीन-चार पेपर खाली झाले. नरहररावांनी बायकोचा चेहरा बघितला, पेपराची नीट घडी घातली आणि मागोमाग बाहेर पायऱ्यांवर आले.

प्रमिलाबाईंनी फोनवर दोन्ही पंजे दाखवले, एकावर एक ठेवलेले. काय सांगायचं ते धडपणे सांगता येईना. "हे जुने आहेत. ती जुने पाठवतेय. ती फोन उचलत नाही. अहो, ती कुठे आहे?"

नरहररावांनी चष्मा वर केला, फोटो पाहिला, चष्मा खाली घेतला. "बरी आहे," ते म्हणाले. "आधी हे ऐक. बरी आहे. धडधाकट आहे. आत्ता क्लास घेत असेल, म्हणून उचलत नाही."

"कसला क्लास?"

"उडत नाही ती सध्या. ऑफिसात नव्या पोरांना शिकवते."

प्रमिलाबाई पायरीवर बसल्या. पहिल्यांदा त्यांना इतकं हलकं वाटलं की हसू येईल की काय असं झालं. नवऱ्यासमोर हसायला नको म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला. आणि पदराआडच त्यांच्या लक्षात आलं की नवऱ्याला हे माहीत होतं.

"तुम्हाला कधीपासून ठाऊक?"

"परवापासून."

हैदराबादेत परवा म्हणजे दोन दिवसांपूर्वी असतो तसा दोन वर्षांपूर्वीही असतो. चारमिनारसुद्धा इथल्या माणसाला परवाच बांधल्यासारखा वाटतो. प्रमिलाबाईंचा जन्म इथलाच. त्या नवऱ्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

"नवरात्रात," नरहरराव म्हणाले. "तेव्हाच सांगितलं तिने. आईला नको सांगू म्हणाली."

"मला नको? मी भांडले. तुमच्या भावाशी मी भांडले. तुम्ही 'बघू' म्हणून बसला होता. आणि तिने तुम्हाला सांगितलं?"

"मी तिला विमानाचं कधी काही विचारलं नाही ना," नरहरराव म्हणाले. "जेवलीस का, एवढंच विचारत आलो. म्हणून सांगितलं असेल."

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा मारायचा तर त्यांना आठवडाभर आधी तयारी करावी लागली असती. म्हणूनच ते प्रमिलाबाईंना झोंबलं. घरी आल्यावर नरहररावांनी मेघनाला फोन लावला, "आईला कळलं" एवढंच सांगितलं, आणि पलीकडचं ऐकून बायकोला म्हणाले, "आजच्या बसने निघतेय."

बसने. कंपनीचं विमान रोज हैदराबादला येतं आणि मुलगी बसने येतेय. प्रमिलाबाईंनी त्या दिवशी घरातली सगळी भांडी घासली, घासलेलीसुद्धा. काय बोलायचं ते मनाशी जुळवत राहिल्या. आधी रागावायचं ठरवलं. मग ठरवलं की रागावायचं नाही, विचारायचं. मग ठरवलं की विचारायचंही नाही, तिने सांगेपर्यंत थांबायचं. थांबणं त्यांना कधी जमलेलं नव्हतं, म्हणून पुन्हा रागावण्यावर आल्या.

सकाळी त्या एकट्याच इमलीबनच्या बसस्टँडवर गेल्या. बस यायला वेळ होता. त्या फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिल्या. बंगलोरची बस लागली आणि मेघना उतरली. साधी कुर्ती, पाठीवर सॅक, केस विस्कटलेले. गणवेशात ती नेहमी उंच दिसायची. आत्ता ती शाळेतून आल्यासारखी दिसत होती.

"आई," ती म्हणाली.

प्रमिलाबाईंनी जुळवलेलं सगळं विरून गेलं. "ये, बस इथे," त्या म्हणाल्या. दोघी बाकावर बसल्या. समोर कोणीतरी पोती उतरवत होतं.

"काही झालं नाही गं आई," मेघना पोत्यांकडे बघत म्हणाली. "नवरात्रात एकदा उतरताना आडवा वारा होता. झटका आला, माझ्याच्याने पंख खाली गेला. कॅप्टननी हातात घेतलं, नीट उतरवलं. मागे लोक झोपलेले होते, कोणाला कळलंसुद्धा नाही. पण त्यानंतर उतरायची वेळ आली की माझे हात गार पडायला लागले. रोज. मीच जाऊन सांगितलं ऑफिसात, सध्या मला नको. ते चांगले बोलले. शिकवायला बस म्हणाले, ठीक वाटलं की सांग म्हणाले."

"आणि मला फोटो?"

"तू मागायचीस ना. जरा उशीर झाला की किती मेसेज तुझे. मला वाटायचं, आईला केवढी हौस आहे. सगळ्यांशी लढली माझ्यासाठी, एवढा जीव लावून रंगवते. तिला कसं सांगू की मी घाबरले? नव्या फोटोंसाठी कोणाला सांगायचं, म्हणून जुनेच पाठवले. एक पालथा पण केला. तू ओळखशील म्हणून."

"हौस," प्रमिलाबाई म्हणाल्या.

त्यांना एकदम फार थकल्यासारखं वाटलं. पोरीला सावरायचं म्हणून जे दडवलं, त्याचंच ओझं पोरीच्या डोक्यावर जाऊन बसलं होतं. आणि फोटो मागताना ते आपणच रोज थोडं थोडं वाढवत होतो, हे त्यांना आत्ता, या बाकावर कळत होतं.

"मला हौस नव्हती गं," त्या म्हणाल्या. "रंगवायचं मागाहून आलं. फोटो आला की कळायचं, तू उतरलीस. तेवढ्यासाठी मागत होते. मला भीती वाटते, मेघना. तू पहिल्यांदा उडालीस त्या दिवसापासून वाटते. एक दिवस खाडा नाही."

मेघनाने वळून बघितलं. आईला ती पहिल्यांदाच बघत असावी असं बघितलं. "तुला?"

"मला."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलले असते तर तू थांबली असतीस."

मेघनाच्या डोक्यात काहीतरी आलं. "आई, म्हणजे नवरात्रापासून... मी तर खुर्चीत बसून होते, आणि तू..."

"मी इथे रोज संध्याकाळी जीव मुठीत धरून फेऱ्या घालत होते. आणि तू तिथे चहा पीत होतीस." आता मात्र प्रमिलाबाईंना राग आला. खरा, चांगला, पोटभर राग. "चहा पीत होतीस आणि माझ्याकडून त्या ठिगळाला ठिगळ रंगवून घेत होतीस."

मेघनाला हसू फुटलं आणि हसता हसताच ती रडायला लागली. प्रमिलाबाईंनी तिला रडू दिलं. पोती उतरवणाऱ्याने एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. रडून झाल्यावर मेघनाने ओढणीने नाक पुसलं. "तूच सांग ना आई," ती म्हणाली. "परत उडू का नको? तू सांगशील तसं करते."

प्रमिलाबाईंनी तोंड उघडलं. 'उडायचं, काय घाबरायचंय' हे वाक्य इतक्या वेळा म्हटलेलं होतं की ते आपसूक जिभेवर आलं. त्यांनी ते परत गिळलं.

"मला विचारू नकोस," त्या म्हणाल्या. "मी नको म्हणेन. पण ते माझं भ्या बोलेल. तुझं तू ठरव, आणि ठरवलंस की मला खरं सांग. थांबलीस तरी, उडालीस तरी."

"आणि उडाले तर? तू परत फेऱ्या घालणार."

"घालेन. त्याला तू काय करणार?" प्रमिलाबाईंनी तिची सॅक उचलून आपल्या खांद्याला लावली. मेघना नको नको म्हणत होती, पण त्यांनी दिली नाही. "फोटो नको. उतरलीस की फोन कर. 'आई, उतरले' एवढं म्हण आणि ठेवून दे."

मेघनाने मान हलवली, आणि दोघी रिक्षा बघायला बाहेर निघाल्या.